पोटातलं वेळापत्रक

मूत्रपिंडात रक्त गाळणारे जे सूक्ष्म, नळीसारखे भाग असतात त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या घरात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ही सरासरी फसवी आहे. कुणाच्या वाट्याला जेमतेम अडीच लाख येतात, कुणाच्या वीस लाख. हा वाटा आईच्या पोटात ठरतो आणि साधारण ३६व्या आठवड्यात खातं बंद होतं. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळाला त्यानंतर एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही. मग कितीही दूध पाजा, कुठलंही टॉनिक द्या. वाटा तोकडा असेल तर प्रत्येक नेफ्रॉनवर जास्त भार येतो, ते फुगतात, काही झिजून बंद पडतात आणि त्यांचा भार पुन्हा उरलेल्यांवर जातो. चाळिशीत रक्तदाब वाढलेला निघाला की मीठ, ताण, घराण्यातला आजार यांची चर्चा होते. नेफ्रॉन मोजायला कुणी जात नाही, कारण धडधाकट माणसात ते मोजणं सोपं नाही. जर्मनीत अपघाती मृत्यू आलेल्या २० मध्यमवयीन माणसांची मूत्रपिंडं तपासून हे काम केलं गेलं आणि २००३ साली ते छापून आलं. रक्तदाबाचा त्रास असलेल्या दहा जणांत एका मूत्रपिंडामागे सुमारे ७ लाख नेफ्रॉन होते, तसा त्रास नसलेल्या दहा जणांत सुमारे १४ लाख. वीसच माणसं, हे खरं. पण प्रयोगशाळेत गाभण उंदरांच्या खाण्यातलं प्रथिन १८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणलं, की पिल्लांतही हेच दिसतं: नेफ्रॉन कमी, रक्तदाब जास्त.

‘आईच्या आहाराचा बाळावर परिणाम होतो’ हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यातून हाती काहीच लागत नाही. गरोदर बाई दिसली की पहिला प्रश्न ‘कितवा?’ आणि दुसरा ‘नीट खातेस ना?’ खरं तर हे दोन प्रश्न एकच आहेत. गर्भातल्या प्रत्येक अवयवाची घडण्याची आपापली मुदत असते आणि ती आईच्या भुकेकडे, ताटाकडे, सवडीकडे बघत थांबत नाही. पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून बनतो ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. हृदयाची मुख्य घडण आठव्या आठवड्यापर्यंत उरकते. मेंदूत विशिष्ट स्निग्धाम्लं साठतात, यकृतात लोह साठतं, हाडांत कॅल्शियम भरतं, ते बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून ‘काय खावं’ची यादी ‘कधी’शिवाय निम्मी निरुपयोगी आहे.

हे सगळं कळण्यामागे एक असा प्रयोग आहे जो कुठल्याही शहाण्या माणसाने मुद्दाम केला नसता. सप्टेंबर १९४४मध्ये नेदरलँड्समधल्या रेल्वे कामगारांनी जर्मन फौजांविरुद्ध संप केला. उत्तरादाखल पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखली गेली, आणि त्यातच कालवे गोठले. नोव्हेंबरअखेर शिधा दिवसाला हजार कॅलरींखाली गेला, पुढचे काही महिने चारशे ते आठशे. मे १९४५मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न जवळजवळ एका झटक्यात परत आलं. दुष्काळाला इतकी स्पष्ट सुरुवात आणि इतका स्पष्ट शेवट क्वचित असतो. शिवाय तिथली रुग्णालयं तशाही दिवसांत जन्माच्या नोंदी ठेवत राहिली. त्यामुळे कुठल्या बाळाला कितव्या महिन्यात उपास घडला, हे दशकांनंतरही सांगता येतं.

ज्यांचे शेवटचे तीन महिने या हिवाळ्यात सापडले ती बाळं लहानखुरी जन्मली, साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम कमी. हे अपेक्षितच होतं. चकवा दुसऱ्या गटात होता. ज्यांच्या फक्त सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार झाली आणि नंतर आईला पोटभर मिळालं, त्यांचं जन्मवजन अगदी ठीक होतं. वजनकाट्यावर बघितलं तर संकट टळलेलं. पण हीच माणसं पन्नाशीला पोहोचली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला, रक्तातली चरबी बिघडलेली निघाली. सुरुवातीच्या उपासमारीशी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुपटीने वाढल्याचंही आढळलं. मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत उपास घडलेल्यांची साखर मोठेपणी जास्त चढत होती. सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या १९ वर्षांच्या सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदींचा अभ्यास १९७६ साली छापून आला, त्यातही हाच विचित्र नकाशा होता: पहिल्या सहामाहीत उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त, अखेरच्या तिमाहीत झालेल्यांत कमी. उपासमार तीच, परिणाम उलटे. फरक फक्त महिन्याचा.

इथेच एक जुना समज गळून पडायला हवा, तो म्हणजे जन्मवजन चांगलं आलं की आईचं खाणं चांगलं होतं. जन्मवजन ही शेवटची बेरीज आहे. आतल्या रकमा कुठे चुकल्या, ते ती सांगत नाही.

याच कहाणीची दुसरी बाजू लेनिनग्राडला आहे. १९४१ ते १९४४च्या वेढ्यात तिथे याहून भयानक उपासमार झाली. पण तेव्हा गर्भात असलेल्यांना मोठेपणी तपासलं, तर साखर सहन करण्याच्या क्षमतेत तसा ठळक फरक मिळाला नाही. एक पटण्याजोगं स्पष्टीकरण असं की तिथे जन्मानंतरही बराच काळ तंगीच राहिली. डच बाळांना मात्र गर्भात उपास आणि बाहेर मुबलक अन्न, असा उलटा धक्का बसला. गर्भ जणू बाहेरच्या हवामानाचा अंदाज बांधून सामान भरतो. थंडीचे कपडे भरून निघालेला माणूस भर उन्हाळ्यात उतरला, तर दोष कपड्यांचा नसतो, अंदाज चुकलेला असतो. फिनलंडमध्ये हेलसिंकीला १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. हृदयविकाराचा सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर जन्मतः लहान, दोन वर्षांचे असताना बारीक आणि त्यानंतर भराभर वजन वाढलेल्या मुलांना. म्हणून अशक्त जन्मलेल्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘भरून काढायचं’ म्हणून गोड आणि तुपकट खाऊ घालणं मला धास्तीचं वाटतं. पहिल्या दोन वर्षांत भरून निघतं ते बरंचसं हाडामांसाला लागतं, नंतरचं पोटावर चढतं.

या साऱ्या विचाराला शास्त्रात जागा मिळवून दिली इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी, आणि त्यांच्या हाती लागलेला ऐवज होता जुन्या खतावण्यांचा. हर्टफर्डशर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख आरोग्यसेविकेने शिस्त घालून दिली होती: सुईणीने जन्मवजन नोंदवायचं, परिचारिकेने वर्षभर घरी जायचं, पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला पुन्हा वजन, बाळ अंगावर पीत होतं की बाटलीने, दात किती आले. सगळं शाईने, एका ओळीत एक बाळ. बार्करांच्या चमूने १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या ओळी शोधल्या आणि ते कशाने वारले, त्याच्याशी जोडल्या. १९८९ साली निष्कर्ष आला. जन्मतः आणि वर्षाचे असताना जे सर्वांत हलके होते त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू सर्वांत जास्त. दात मोजणाऱ्या त्या बाईला आपण पुढच्या शतकासाठी काय लिहून ठेवतोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

आत नेमकं घडतं काय? अन्न अपुरं आलं की गर्भ सगळीकडे सारखी कपात करत नाही. रक्ताचा ओघ मेंदूकडे वळवला जातो आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्या घडीला जीव वाचवण्यासाठी हे शहाणपणाचंच आहे. किंमत नंतर मोजावी लागते. दुसरी गोष्ट वारेची, म्हणजे आई आणि गर्भ यांना जोडणाऱ्या अवयवाची. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक गर्भाकडे जसंच्या तसं जाऊ नये म्हणून वारेत एक विकर (एन्झाइम) पहारा देतं. आईच्या आहारात प्रथिन फार कमी झालं की हा पहारा ढिला पडतो, असं उंदरांत दिसलंय. ज्येष्ठमधातला एक घटकही याच पहारेकऱ्याला झोपवतो. फिनलंडमध्ये, जिथे ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खाल्ल्या जातात, तिथे गरोदरपणात त्या भरपूर खाल्लेल्या आयांच्या मुलांमध्ये बुद्धिचाचण्यांत आणि वागणुकीत फरक आढळले. घसा बसला म्हणून चघळलेला एखादा तुकडा वेगळा, रोजचा मूठभर वेगळा.

तिसरी यंत्रणा जनुकांवरच्या खुणांची. जनुक तेच राहतं, पण ते किती बोलायचं हे त्यावर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक गटांवर ठरतं. हे गट बनवायला फोलेट, बी-१२, कोलीन असा कच्चा माल लागतो आणि तो ताटातूनच येतो. अगूटी जातीच्या उंदरांवर २००३ साली झालेला प्रयोग डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. या जातीची पिल्लं पिवळी आणि पुढे लठ्ठ होतात. आईला समागमाच्या आधीपासून हा कच्चा माल जास्तीचा दिला, तर तशाच जनुकाची अधिक पिल्लं तपकिरी जन्मली. डच हिवाळ्यात गर्भधारणा झालेल्यांत साठ वर्षांनंतरही वाढीशी संबंधित एका जनुकावर या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी सापडल्या, हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

आता फोलिक आम्लाकडे, म्हणजे गोळीतल्या फोलेटकडे येऊ, कारण वेळापत्रकाचा सगळ्यात कडक नियम इथे आहे. न्यूरल ट्यूब २८ दिवसांत मिटते म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. चाचणी करायची, खात्री करायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची, तोवर काम संपलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करून बारा आठवडे घ्यायची. बाळ ठरवून होणार नसेल, तर मूल होण्याची शक्यता असलेल्या वयात ती चालूच असलेली बरी. ज्यांच्या आधीच्या बाळात ही ट्यूब नीट न मिटल्याचा दोष होता त्यांच्यासाठी दहापट मात्रा. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत ४ मिलिग्रॅमने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली होती. पालेभाज्यांतून फोलेट मिळतं, पण ते पाण्यात विरघळतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की बराचसा ऐवज मोरीत जातो.

फोलेटची ओळख पटण्यामागेही गरोदर बायकाच आहेत. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, ती गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण शोधायला. महागडे अर्क थकले, तेव्हा यीस्टचा साधा अर्क, म्हणजे मार्माइट, कामी आला. त्यातला तो अनाम घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

पण फोलिक आम्ल चांगलं म्हणजे जास्त ते अधिक चांगलं, असं नव्हे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आतली, बारीक; पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबीकडे झुकलेलं बाळ. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक निघाली. ही दोन्ही जीवनसत्त्वं एकाच रासायनिक चक्राची दोन चाकं आहेत. एकच पळवलं तर गाडी तिरकी होते. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असतं: दूध, अंडी, मासे, मांस. जिच्या जेवणात यातलं काहीच नाही किंवा दूधही नावापुरतं आहे, तिने दिवस राहण्याआधी बी-१२ची रक्ततपासणी करून कमतरता भरून काढावी आणि मग फोलिक आम्ल घ्यावं. आणि कारण नसताना ५ मिलिग्रॅमची गोळी नऊ महिने चालू ठेवण्याची सवय, जी बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीवर आपसूक उमटते, तिच्याबद्दल एकदा विचारून घ्यावं.

लोहाचं प्रकरण रोजच्या त्रासाचं आहे, म्हणून जरा सविस्तर. अख्ख्या गरोदरपणात सुमारे १,००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं, आणि बाळ आपला साठा मुख्यतः शेवटच्या तिमाहीत करतं. हा साठा त्याला जन्मानंतर चार ते सहा महिने पुरवायचा असतो, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. साठा कमी पडला तर मेंदूच्या तंतूंवरचं आवरण आणि स्मरणाशी संबंधित भाग यांची घडण मागे राहते. नंतर गोळ्या-औषधांनी हिमोग्लोबिन वर येतं, पण ती घडण पूर्ण भरून येईलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची आहे. गोची लेबलमध्ये असते. फेरस सल्फेट ३०० मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅम असतं. तितकंच लोह फेरस फ्युमरेटच्या १८० मिलिग्रॅममध्ये येतं आणि ग्लुकोनेटला ५०० मिलिग्रॅम लागतात. म्हणजे मोठा आकडा बघून गोळी निवडली तर हमखास फसगत.

ती घेण्याची रीतही महत्त्वाची. चहा-कॉफीबरोबर घेतली तर त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला पकडून ठेवतात. म्हणून आधी एक तास, नंतर दोन तास चहा नको. कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताचं औषधही त्याच वेळी नको. एक सकाळी, एक रात्री. लिंबू किंवा कुठलंही आंबट फळ सोबत असेल तर लोह जास्त लागू पडतं. रिकाम्या पोटी सगळ्यात चांगलं शोषलं जातं, पण त्याने मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्यावी. कमी शोषलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला, तर गोळीतला लोहाचा क्षार बदलून किंवा दिवसाआड घेऊन बघता येतं, मात्र डॉक्टरांना सांगून. आणि हिमोग्लोबिन मधल्या महिन्यांत थोडं उतरलं की धसका नको. रक्तातलं पाणी जवळपास निम्म्याने वाढतं, लाल पेशी तितक्या वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं. मधल्या तिमाहीत १०.५ आणि एरवी ११ ग्रॅम ही रेषा. उलट शेवटाकडे ते १३च्या वर राहिलं, तर कधी कधी रक्ताचं पाणी वाढायला हवं तसं वाढलेलं नाही, अशी ती खूण असते. जाता जाता: जन्मल्यावर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे उतरतं आणि लोहाचा साठा फुकटात वाढतो.

आयोडीनबद्दल थोडक्यात. पहिले तीनेक महिने गर्भाची थायरॉइड ग्रंथी काम करत नाही, मेंदू सगळा आईच्या थायरॉक्सिनवर वाढतो. दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. इंग्लंडमध्ये सुमारे हजार आयांच्या अभ्यासात, आयोडीन थोडंसंच कमी असलेल्यांची मुलं आठव्या-नवव्या वर्षी शाब्दिक बुद्धिचाचणीत आणि वाचनात मागे आढळली. आयोडीनयुक्त मीठ झाकणबंद डब्यात ठेवावं आणि स्वयंपाकात शेवटी घालावं. दुधाऐवजी बदामाचं किंवा ओटचं दूध पिणाऱ्यांनी त्यात आयोडीन घातलंय का, ते वाचावं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र नकोत, त्यात ते बेसुमार असू शकतं.

आता ‘दोन जिवांचं खा’ या लाडक्या सल्ल्याकडे. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या कॅलरी जवळपास लागतच नाहीत. निसर्गाने उमाशांचे दिवस नेमके तेव्हा ठेवलेत, ही एक सोय म्हणायची. मधल्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३४० कॅलरी, शेवटच्या तिमाहीत ४५०. आणि ३४० म्हणजे किती? एक पेला, २५० मिलिलिटर दूध, एक उकडलेलं अंडं आणि २० ग्रॅम दाणे किंवा बदाम. बस. अंड्याचा बलक टाकू नये, गर्भाच्या मेंदूला लागणारं कोलीन त्यातच आहे. आधीचं वजन उंचीला साजेसं असेल, तर एकूण वाढ साडेअकरा ते सोळा किलो ठीक. आधी कमी असेल तर साडेबारा ते अठरा, जास्त असेल तर सात ते साडेअकरा. ओकाऱ्यांनी मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर मात्र घरगुती उपाय पुरे. आणि सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलं जातंय ना, हे सोबतच्या माणसाने जरूर विचारावं. बरेच दिवस काही पोटात राहिलेलं नसताना नुसतं ग्लुकोज दिलं, तर मेंदूला इजा होऊ शकते.

जास्तीच्या बाजूचं वेळापत्रकही तितकंच बोलकं आहे. डेन्मार्कचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं सूत्र आजही टिकून आहे: आईच्या रक्तातली साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन ओतत बसतं आणि ते साखरेची चरबी करतं. गुबगुबीत बाळ पाहून घर हरखतं, पण ती गोलाई नेहमीच सुदृढपणाची नसते. अमेरिकेतल्या पिमा जमातीत एकाच आईची मुलं तुलनेला घेतली गेली. तिला मधुमेह जडल्यानंतर जन्मलेल्या मुलाला, आधी जन्मलेल्या सख्ख्या भावंडापेक्षा, मधुमेहाचा धोका बराच जास्त होता. आई तीच, घर तेच, बदललं होतं ते पोटातलं हवामान. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गरोदर स्त्रियांच्या अभ्यासाने दाखवलं की इथे ‘इथवर सुरक्षित’ अशी भिंत नाही. साखर चढत जाते तसा धोकाही चढत जातो. तपासणीसाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३ हे आकडे धरले गेले.

गंमत म्हणजे या टप्प्यावर उपचार सुरू केले की बाळ अवाढव्य होणं टळतं, पण त्या मुलांना काही वर्षांनी तपासलं तेव्हा लठ्ठपणात स्पष्ट फरक दिसला नाही. मला यातून एकच अर्थ लागतो: २४वा आठवडा उशिराचा असावा. ज्यांना धोका आहे, म्हणजे आधीच जास्त वजन, घरात मधुमेह, मागच्या खेपेला साखर, त्यांनी ही तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. आणि साखर निघालीच, तर उपाशी राहून ती उतरवायला जाऊ नये. कर्बोदकं दिवसाला १७५ ग्रॅमच्या खाली नेली तर भूक आणि कीटोन (चरबी जळताना रक्तात येणारी द्रव्यं) दोन्ही वाढतात. ती तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळांत वाटावीत, सकाळी सगळ्यात कमी ठेवावीत, कारण पहाटेच्या संप्रेरकांमुळे न्याहारीनंतरच साखर सर्वांत जास्त उसळते. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं हे औषधाच्या तोडीचं आहे.

टाळायच्या गोष्टींची यादी लोक स्वतःच लांबवत नेतात, खरी यादी आखूड आहे. दारू नाही, थोडीही नाही. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. गरोदरपणात ते शरीरातून निघायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि गर्भाकडे ते मोडायची सोयच नसते. खाण्यातलं यकृत (कलेजी) आणि रेटिनॉल स्वरूपातलं ‘अ’ जीवनसत्त्व जपून. दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर व्यंगाचा धोका. न तापवलेलं दूध, कच्चं मांस नको. शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यासाठी वर्ज्य, पण म्हणून सगळी मासळी सोडणं हे उलटंच नुकसान: आठवड्यातून दोनदा लहान मासे खाल्ले, तर बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल मिळतं. ॲलर्जीच्या भीतीने शेंगदाणे सोडायचा सल्ला ब्रिटनमध्ये १९९८ साली दिला गेला होता, पुरावा न मिळाल्याने २००९ साली तो मागे घेतला गेला. सोडलेले पदार्थ मात्र सवयीने सुटलेलेच राहतात.

हे सारं वाचून एखादी आई मागचे नऊ महिने आठवत स्वतःवर खटला भरणार असेल, तर तिने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. इथले बहुतेक आकडे गटांचे आहेत. शंभरातल्या पाचांऐवजी आठ, असा तो सरकलेला काटा असतो, एकेका मुलाचं भविष्य नव्हे. डच हिवाळ्यात गर्भात असलेली बहुतेक माणसं सर्वसाधारण आयुष्य जगली. आणि दुसरं, बाईच्या पोषणाचं खातं ती गरोदर राहण्याच्या कितीतरी आधी उघडलेलं असतं. मुंबईत २००६पासून झालेल्या एका प्रयोगात पालेभाजी, फळं आणि दूध यांचा छोटासा खाऊ स्त्रियांना दिवस राहण्याआधीपासून रोज दिला. ज्यांनी तो किमान तीन महिने आधी सुरू केला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. पण ज्या आया मुळात फारच बारीक होत्या त्यांच्या बाळांना तेवढाही फायदा दिसला नाही. लहानपणापासून राहिलेली उणीव तीन महिन्यांच्या खाऊने कशी भरणार? घरात शेवटी आणि उरलेलं कोण जेवतं, याचा हिशेब कुठल्याच गोळीच्या पाकिटावर छापलेला नसतो.

शेवटच्या तिमाहीत आणखी एक खातं चालू असतं, आणि ते मजेशीर आहे. गर्भ रोज गर्भजल गिळतो आणि त्यात आईच्या जेवणाचा वास उतरलेला असतो. इंग्लंडमध्ये ३२ आणि ३६ आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांना गाजराच्या किंवा केल नावाच्या कडसर पालेभाजीच्या भुकटीची कॅप्सूल देऊन सोनोग्राफीत गर्भाचे चेहरे पाहिले गेले, २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. गाजराला ओठांचे कोपरे वर, पालेभाजीला वरचा ओठ उचललेला. त्याआधी अमेरिकेत काही स्त्रियांनी शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ३०० मिलिलिटर गाजराचा रस प्यायला होता. पुढे त्यांच्या बाळांना वरचं अन्न सुरू झालं, तेव्हा गाजर घातलेली पेज चमच्याने पुढे केल्यावर त्यांनी इतर बाळांपेक्षा तोंड कमी वाकडं केलं.